रडताना टेप बंद करायची नाही

डिंपना पॅकी रुआला कुणी ‘बस’ म्हटलं की ती उभी राहायची, आणि ‘ऊठ’ म्हटलं की तिथंच बूड टेकायची. आमच्या कॅरिगरोनात अर्धं गाव गॅलहर आडनावाचं आणि उरलेलं बॉइलांचं, त्यामुळं नुसत्या आडनावानं हाक मारली तर रस्त्यावरची शेळीसुद्धा वळून बघेल. म्हणून माणसाच्या नावापुढं बापाचं नाव चिकटतं. हिचा बाप पॅकी, लाल केसांचा, म्हणून रुआ, म्हणजे लाल. बापाचे केस हिला आले नाहीत, डोकं मात्र तेच आलं, असं माझी आई म्हणायची. ते काही कौतुकानं म्हणायची नाही.

बुटकी, रुंद बाई. आता सत्तरीच्या पुढं गेलीय. तरणेपण सगळं बंदरावरच्या मासळीच्या कारखान्यात गेलं, बांगडे चिरण्यात. तिथं एकदा नवा मुकादम आला आणि त्यानं फर्मान काढलं, की काम करताना बायकांनी बोलायचं नाही, बोलण्यानं हात मंदावतात. बाकीच्या बायका गप्प झाल्या. डिंपना एकटीच बोलत राहिली. उत्तर देणारं कुणी नाही, मान वर करणारं कुणी नाही, तरी दिवसभर हिची चक्की सुरू. शेजारणीच्या सासूची सगळी कुंडली तिनं त्या टेबलावर मांडली, आणि चिरलेल्या बांगड्यांचा ढीग सगळ्यांत उंच तिचाच. दोन-तीन दिवसांनी मुकादमच तिच्या टेबलाशी आला आणि हळूच विचारता झाला, त्या सासूचं पुढं काय झालं. फर्मान तिथंच मेलं.

पुढं सरकारनं दलदलीतून जळणाची माती कापायला बंदी घातली. बापजाद्यांपासून आमच्या चुली त्याच मातीवर पेटत आल्यात. साहेब पाहणीला आला तेव्हा ही गुडघाभर चिखलात उभी राहून फावडं मारत होती. बंदी आलीय हे ठाऊक आहे का, असं त्यानं विचारलं. तुला थंडी ठाऊक हाय का, असं हिनं विचारलं. साहेब वही मिटून गेला.

हिचा भाऊ कॉन्डी. दोघांचीही लग्नं झाली नाहीत. बापाच्या पश्चात त्याच घरात, त्याच चुलीपाशी दोघांनी जन्म काढला. कॉन्डी हिच्या अगदी उलट. मेंढरं राखायची, बाजारला जायचं, परत यायचं, आणि या सगळ्यात तोंडातून दहा शब्द निघाले तर पुष्कळ. भांडायला त्याला वेळही मिळायचा नाही, घरातलं सगळं भांडण हीच करायची. रोज सकाळी उठून तो एकच गोष्ट विचारायचा. खिडकी समोर असायची, पडदा बाजूला असायचा, आणि हा बिछान्यावर बसून म्हणायचा, “पाऊस हाय का गं?” बारा महिने पाऊस पडणाऱ्या आमच्या किनाऱ्यावर हा काय प्रश्न झाला? ती आतून ओरडायची, “डोळं फुटलं का तुझं?” त्यावर तो समाधानानं बूट घालायला घ्यायचा. त्यांच्या गोठ्याची आणि माझ्या अंगणाची भिंत एकच, त्यामुळं हा संवाद मी लहानपणापासून ऐकत आलो. घड्याळ नसलं तरी चालायचं.

मग कॉन्डीची छाती बिघडली. मोठ्या गावातल्या इस्पितळात नेला. डिंपना रोज बसनं जायची आणि बसनं यायची. आणि एका दुपारी ती बसमध्ये घरी येत असतानाच तो तिकडं गेला. ती नव्हती. कुणीच नव्हतं.

हे सांगायला एका ओळीचं वाटतं, पण आमच्याकडं त्याचा अर्थ फार वाईट होतो. मयत घरी आणतात, दोन रात्री जागवतात आणि सगळं गाव येतं. येणारा प्रत्येक माणूस आधी मयताच्या कपाळाला हात लावतो, मग घरच्यांचा हात हातात घेतो आणि विचारतो, शेवट कसा झाला? घरच्यांनी सांगायचं. सुरुवातीला सांगवत नाही, शब्द दातात अडकतात. पण पुढचा येतो, त्याला पहिल्यापासून सांगावं लागतं. मग त्याच्या पुढचा. असं पन्नासदा, शंभरदा सांगून ती गोष्ट घासून गुळगुळीत होते, ओढ्यातल्या गोट्यासारखी, आणि मग ती जवळ बाळगता येते. माझा बाप त्याच इस्पितळात गेला तेव्हा मीही तसंच केलं. दुसऱ्या रात्री तर मी त्यात एक विनोदही घातला होता.

डिंपनापाशी सांगायला काही नव्हतं. लोक विचारायचे, शेवट कसा झाला, आणि ती म्हणायची, “च्या घे.” सगळ्यांना चहा, सगळ्यांना अंड्याच्या सँडविची. नाक वर, डोळा कोरडा. दुसऱ्या दिवशी खड्डा खणायला आम्ही पुरुष दफनभूमीत गेलो, तर ही आधीच कंबरेएवढी आत उतरलेली. आमच्याकडं खड्डा शेजारचे पुरुष खणतात, घरची बाई कधी खणत नाही. पाद्रीबाबा लगबगीनं आले आणि म्हणाले, डिंपना, हे बरं दिसत नाही. ती म्हणाली, “मग तिकडं बघा.” आणि माती त्यांच्या बुटांपाशी येऊन पडायला लागली. तळ तिनंच गाठला. आम्ही नुसते उभे.

पण त्या दिवसापासून ती बदलली. भांडायची, पण चव नसल्यासारखं. तिला काहीतरी सांगायचं होतं आणि ते आत कुजत होतं, हे गावातल्या आंधळ्यालाही दिसत होतं. विचारायची वेळ मात्र निघून गेली होती. जागरण संपलं की ‘शेवट कसा झाला’ असं कुणी विचारत नाही. ते त्या दोन रात्रींचंच असतं.

म्हणून पोस्टात लागलेल्या त्या चिठ्ठीनं ती अडखळली असावी. शहरातल्या विद्यापीठाची चिठ्ठी होती. इस्पितळात ज्यांचं माणूस गेलं, अशा लोकांना एकत्र बसवून त्यांचं बोलणं ऐकायचं, टेपवर घ्यायचं, आणि पुढं इस्पितळांनी कसं वागावं ते त्यावरून ठरवायचं, असं त्यात लिहिलं होतं. वर मोठ्या अक्षरात विचारलं होतं, तुमच्या माणसाचे शेवटचे दिवस कसे गेले? पोस्टातली बाई सांगते, डिंपना त्या चिठ्ठीपुढं किती तरी वेळ उभी राहिली, मग फोन नंबर उतरवायचा म्हणून तिच्याकडून पेन मागून घेतलं, आणि ते पेन अजून परत केलेलं नाही.

ती गटचर्चा मोठ्या गावातल्या हॉटेलात झाली. खुर्च्या गोल मांडलेल्या, सात-आठ माणसं, सगळी वेगवेगळ्या गावांची, एकमेकांना कधी न पाहिलेली. छातीवर नावाच्या चिठ्ठ्या. चालवणारी सोर्खा नावाची शहरातली पोरगी, तिशीच्या आसपासची, आवाज मऊ. तिनं आधी फळ्यावर नियम लिहिले. एका वेळी एकानंच बोलायचं. दुसऱ्याचं बोलणं तोडायचं नाही. इथं जे बोललं जाईल ते इथंच राहील. हा शेवटचा नियम डिंपनानं गावात सांगितला तेव्हा दुकानात हशा पिकला. बाहेर जायचंच नसेल तर बोलायचं कशाला?

तरी ती बसली. पाळी आली तसं तिनं सुरू केलं. कॉन्डीचा खोकला सांगितला, बसची ये-जा सांगितली. त्या दुपारची नर्स सांगितली. नर्स चांगली पोरगी होती, हे ती आजही सांगते. नर्स म्हणाली होती, घरी जा, अंघोळ करा, कोंबड्यांना दाणे टाका, आज काही होत नाही. इथवर आली आणि म्हणाली, “आन् मला ठाव व्हतं—” जागरणात न रडलेली, खड्ड्यात उतरून न रडलेली बाई त्या परक्या गालिच्यावर, परक्या माणसांपुढं रडायला लागली.

मग सगळं फार मऊपणानं झालं. सोर्खानं कागदी रुमालांचा डबा तिच्या मांडीवर ठेवला. हात लांब करून टेप बंद केली. टेपवरचा लाल दिवा गेला. दाराशी एक बाई खास यासाठीच बसवलेली होती, ती उठली, हिच्या कोपराला धरलं, आणि शेजारच्या खोलीत नेलं. तिथं पाणी, चहा, पाठीवर हात. थोडं शांत होऊन ही परत आली तेव्हा आत दुसराच प्रश्न चालला होता, इस्पितळात गाडी लावायला जागा मिळते का.

आणि ही गप्प बसून राहिली. डिंपना पॅकी रुआ!

दुसऱ्या दिवशी मी आमची सामाईक भिंत बांधत होतो, तर ती पलीकडून येऊन उभी राहिली. म्हणाली, “ओनी, मला हाताला धरून भायेर नेली. आन् मी गेले. पानी पी म्हनाली, मी पानी प्याले. मी काय गाय हाय?”

मी म्हणालो, त्यांनी तुझ्या बऱ्यासाठीच केलं असेल.

“माज्या बऱ्याचं मला नगं सांगू,” ती म्हणाली. “जे सांगायला गेले तेच तेवढं सांगायचं ऱ्हायलं. तोंडातनं यायच्या टायमाला तिनं टेप मिटली.” एवढं बोलून तिनं माझ्या हातातला दगड घेतला, भिंतीत दुसरीकडं बसवला आणि घरात गेली. दगड मी लावत होतो तिथंच बरा होता, पण मी तो परत काढला नाही.

आठवडाभरानं सोर्खाचा फोन आला. हाही त्यांचा नियम, जो रडला त्याची नंतर चौकशी करायची. तुम्ही ठीक आहात ना, असं तिनं विचारलं. डिंपनानं सांगितलं की ठीक नाही, आणि का नाही तेही सांगितलं. तेव्हा मी आणि माझी बायको तिच्या स्वयंपाकघरात होतो, आणि आम्हाला बाहेर जावंसं वाटत होतं, पण दाराजवळ तीच उभी होती.

ती पोरगी बिचारी ऐकत राहिली. मग तिनं तिची बाजू सांगितली, आणि खरं सांगायचं तर तिचंही चूक नव्हतं. अशाच एका गटात एक माणूस मोकळा झाला होता, फार रडला होता, मग एकटाच गाडी चालवत रिकाम्या घरी गेला आणि त्या रात्री त्याचं फार वाईट झालं. तेव्हापासून हा नियम आला. विद्यापीठात एक समिती असते, तिनं घालून दिलेला. कुणी रडलं की टेप बंद, माणूस बाहेर.

“ज्याच्या घरी कोन न्हाई त्याला बिनवळखीच्या लोकांत बसवून रडिवलं,” डिंपना फोनमध्ये म्हणाली. “आन् वाईट झालं म्हनून टेपवर खापर फोडलं. त्याच्या गावात जाऊन बसली असतीस तर?”

पलीकडून सोर्खानं सांगितलं, की ओळखीची माणसं एकमेकांपुढं मोकळी होत नाहीत, असं मानतात.

“कोन मानतंय? बिनवळखीच्या म्होरं मानूस नुस्तं खोटं बोलतंय, पोरी. आमच्या हितं ये. चर्चचा हॉल हाय. नियम आमचे. कोन रडलं तर टेप बंद करायची न्हाई.”

मध्ये महिने गेले. सोर्खानं समितीशी काय भांडण केलं ते तिलाच ठाऊक. एकदा ती एकटीच आली, डिंपनाच्या चुलीपाशी बसली. डिंपनानं तिला मुद्दाम कॉन्डीच्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, बसणारा हलत राहतो. पोरगी दुपारभर हलत बसली, पण उठली नाही. डिंपनाला ते आवडलं असावं, कारण जाताना तिनं तिच्या हातात अर्धा डझन अंडी दिली. शेवटी समितीनं परवानगी दिली, पण अर्धीच. चर्चा गावात घ्या, ओळखीच्यांची घ्या. रडणाऱ्याचा नियम मात्र तसाच राहील, आणि दाराशी बसणारी बाईही येईल. सोर्खानं हे फोनवर सांगितलं तेव्हा डिंपना एवढंच म्हणाली, “या तर खरं.”

तर एका रविवारी आम्ही हॉलात जमलो, ज्यांचं ज्यांचं माणूस इस्पितळात गेलं होतं ते सगळे. सोर्खानं खुर्च्या गोल मांडल्या होत्या. आम्ही आत शिरलो, आणि सवयीनं एकमेकांचे हात हातात घ्यायला लागलो, प्रत्येकानं प्रत्येकाचा. तुझ्या दुःखात मी आहे, तुझ्या दुःखात मी आहे. सोर्खाचाही हात घेतला, त्या दाराशी बसणाऱ्या बाईचाही. ती बाई गोंधळून म्हणाली, माझं कुणी गेलेलं नाही. जाईल, असं म्हणून पुढचा सरकला. बायकांनी सँडविची आणल्या होत्या, बेदाण्यांचा पाव आणला होता, लोण्याचा डबा आणला होता. हे सगळं आटोपेपर्यंत सोर्खाची घड्याळाकडं नजर तीनदा गेली. नावाच्या चिठ्ठ्यांचा उपयोगच झाला नाही, कारण आमच्यात तिघं मॅनस होते. मग त्यातल्या एकानं ‘बोटवाला’ असं लिहिलं, दुसऱ्यानं बापाचं नाव लिहिलं, आणि तिसरा म्हणाला, मग मला आपोआपच ओळखाल.

टेप सुरू झाली. लाल दिवा लागला. सोर्खानं विचारलं, शेवटचे दिवस कसे गेले? आम्ही बोलायला लागलो, सगळे एकदम. ती म्हणाली, एका वेळी एक. थोडा वेळ तसं चाललं, मग परत सगळे एकदम. मी बापाचं सांगितलं, आणि तो विनोदही सांगितला.

मग बोटवाला मॅनस बोलला. हा थोराड, ऐंशीला टेकलेला, सबंध आयुष्य समुद्रावर गेलेलं. त्याची बायको उना दोन वर्षांमागं त्याच इस्पितळात गेली होती. तेव्हापासून त्यानं तिचं नाव घेतलेलं आम्ही ऐकलं नव्हतं. तो आपल्या टोपीकडं बघत म्हणाला, “तिची कापडं मला पिशवीत दिली. प्लाष्टिकच्या. मी ती पिशवी उघाडलीच न्हाई. पुरल्याच्या नंतर उघाडली.” टोपी उलटी केली. “कवळी आत व्हती.”

पाव कापणारीनं सुरी खाली ठेवली.

“तिला दात नव्हतं,” मॅनस म्हणाला. “दोन रात्री समद्या गावाम्होरं तिला तशी ठिवली. तोंड आत गेल्यालं. शेजारच्या पोराम्होरंबी ती कवळीबिगर कधी आली न्हाई, आन् मी तिला...” आणि तो म्हातारा रडायला लागला. खांदे हलायला लागले, मोठा आवाज.

आम्ही सगळ्यांनी ते त्या वेळी पाहिलेलं होतं. उनाचं बसलेलं तोंड. कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

आता आमच्याकडं मयताच्या घरी कुणी रडलं तर एक रीत आहे. त्याला उठवायचं नाही. त्याच्याकडं टक लावून बघायचं नाही. रुमाल तर मुळीच द्यायचा नाही. रुमाल देणं म्हणजे पुरे कर म्हणणं. शेजारच्यानं त्याच्या खुर्चीला खुर्ची भिडवायची, आणि बाकीच्यांनी बोलणं चालू ठेवायचं, मेंढरांचं, वाऱ्याचं, कशाचंही, जरा चढ्या आवाजात. त्या बोलण्याच्या आडोशाला माणूस पाहिजे तेवढं रडतो, आणि रडून झालं की बोलण्यातूनच परत वर येतो.

म्हणून मी पलीकडं बसलेल्या दुसऱ्या मॅनसला मोठ्यानं विचारलं, तुझा मेंढा अजून लंगडतोय का. तो म्हणाला, लंगडतोय, पण मेंढ्यांच्या मागं लागला की विसरतो. बायका लोण्याविषयी बोलायला लागल्या. आणि सोर्खा आमच्याकडं अशी बघत होती, जसं काही आम्ही त्या म्हाताऱ्याला तुडवत होतो. दाराशी बसलेली बाई रुमालांचा डबा घेऊन उठली. सोर्खाचा हात टेपकडं गेला.

डिंपना उठली. ती टेपकडं गेली नाही, त्या बाईपुढं जाऊन उभी राहिली.

“बसा बाई,” ती म्हणाली. “तो कुटं जात न्हाई.”

बाई समजुतीनं म्हणाली, त्यांना जरा मोकळ्या हवेत, शांत खोलीत बरं वाटेल.

“त्या शांत खोलीत मी जाऊन आलेय. तितं काय न्हाई. भित्त हाय आन् पानी हाय.” मग ती सोर्खाकडं वळली. सोर्खाचं बोट बटणावर होतं. “पोरी, आमाला दोन वर्सांत न्हाई मिळालं ते तुला आत्ता मिळालंय. मिटतीस?”

सोर्खा हळूच म्हणाली, “मला नियम मोडता येत नाही, डिंपना. त्यांना त्रास होतोय.”

“व्हनारच. त्याची बाईल मेलीय,” डिंपना म्हणाली. “त्रास तुज्या टेपनं केला न्हाई. त्यालाच इचार की. आमाला कशाला इचारतीस, त्याच्या तोंडात जीभ हाय.”

सोर्खा मॅनसकडं वळली. मग तिनं, टेपवरचा हात न हलवता, विचारलं, “मॅनस, थांबू का आपण? बंद करू?”

मॅनसनं बाहीनं नाक पुसलं, आणि आमच्या मेंढ्याच्या गप्पांच्या वरून म्हणाला, “कशापायी? माजं झालं न्हाई अजून.”

सोर्खानं हात काढून मांडीवर घेतला. लाल दिवा तसाच राहिला. दाराशी बसणारी बाई खाली बसली, आणि काय करावं ते न कळून तिनं रुमालांच्या डब्यावर सँडविचची ताटली ठेवली.

मॅनसनं सगळं सांगितलं. कवळी तो घरी कुठं ठेवतो तेही सांगितलं, चहाच्या डब्याशेजारी, कपात. मग म्हणाला, वर गेल्यावर ती मला ‘कसा हाईस’ म्हनायची न्हाई, पैलं दात मागंल. तेव्हा आम्ही जे हसलो ते त्या टेपवर असणार, कारण हॉलाच्या बाहेर चर्चमधून घरी निघालेली माणसं थांबून आत डोकावली. हसता हसता उनाच्या बहिणीनं सांगितलं, अरे मढ्या, आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं आणि आम्हाला वाटलं, तिनंच सांगून ठेवलं असेल. तिला ती कवळी कधी बसलीच नाही. ती म्हणायची, स्वर्गात तरी हे लाकूड नको. मॅनसनं टोपी गुडघ्यावर ठेवली. हे त्याला दोन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं, कारण दोन वर्षं त्यानं काही विचारू दिलं नव्हतं.

मग सगळ्यांनी डिंपनाकडं बघितलं. कुणी ठरवलं नव्हतं. ती अजून उभीच होती, मधोमध, हात पोटावर बांधून. सोर्खानं काही विचारलं नाही. विचारलं मॅनसनं. टोपी डोक्यावर घातली, उठला, तिचा हात हातात घेतला, आणि जागरणात विचारतात तसं विचारलं.

“शेवट कसा झाला गं, कॉन्डीचा?”

ती म्हणाली, “मला ठाव व्हतं.”

मॅनसनं तिचा हात सोडला नाही.

“नखं निळी झालीती. नाक बारीक झालंतं. आईचं बघितलंय, बापाचं बघितलंय, मला ठाव न्हाई व्हय? तो आज जानार हे मला ठाव व्हतं. ती पोरगी म्हनाली, घरी जावा, आज काय व्हत न्हाई. आन् मी पिशवी उचलली. जल्मात मी कुनाचं ऐकलं न्हाई. मुकादमाचं न्हाई, सायबाचं न्हाई, पाद्रीबाबाचं न्हाई. एकदाच ऐकलं. त्या दिवशी.” तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि तिनं ते पुसलं नाही, आवाजही खाली आणला नाही. “दारापत्तुर गेले तर मागनं म्हनला, पाऊस हाय का गं? खिडकी म्होरं व्हती. मी म्हनाले, डोळं फुटलं का तुझं. आन् गेले. बसमदी बसले तवा बघितलं. पडत व्हता. मला वाटलं, उतरावं आन् सांगून यावं. उतरले न्हाई. बस सुटली व्हती, आन् डायवर मदीच थांबवत न्हाई. डायवरचं बी ऐकलं मी.”

रडणं मोठं होतं, तिच्या बाकीच्या सगळ्यासारखंच. पलीकडचा मॅनस मला म्हणाला, मेंढ्याला आता जनावरांच्या तरण्या डॉक्टरला दाखवणार. मी म्हणालो, दाखव. बायकांनी परत लोण्याचा विषय काढला. उनाच्या बहिणीनं आपली खुर्ची ओढत ओढत आणली आणि डिंपनाच्या मांड्यांमागं ठेवली, आणि डिंपना, कुणी ‘बस’ न म्हणता, बसली. सोर्खा वाकून पावाचे तुकडे करायला लागली. तिचेही डोळे भरले होते. तिच्याकडं कुणी बघितलं नाही.

बऱ्याच वेळानं डिंपनानं दोन्ही तळव्यांनी तोंड पुसलं. मॅनसनं आणखी एकदा विचारलं, शेवट कसा झाला, आणि तिनं परत सांगितलं, पहिल्यापासून. मग मी विचारलं. मग उनाच्या बहिणीनं. चौथ्यांदा सांगताना तिनं त्या बसच्या ड्रायव्हरला अशी एक शिवी घातली, की दाराशी बसणारी बाई फसकन हसली.

डिंपनानं एक सँडविच उचलली, पाव उघडून आत अंडं पुरेसं आहे का ते बघितलं, आणि टेपकडं हनुवटी केली.

“आता मीट ती, पोरी,” ती म्हणाली. “च्या निवतोय.”